केटलच्या झाकणावर

“सुतारबाई, उठा तिथनं. मुहूर्त टळाय लागलाय.”

“टळू दे.”

तात्या शेट्यांना त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच माणसांसमोर असं उत्तर आजवर कुणी दिलं नसावं. खाली जमलेली मंडळी माना वर करून बघायला लागली. मी मात्र मांडी आणखी घट्ट घातली आणि दोन्ही हातांनी झाकणाची कड धरून ठेवली. झाकणावर झेंडूचा हार घातलेला होता आणि त्यातला निम्मा माझ्याखाली चेंगरला होता. साडीला हळदीकुंकू लागलं होतं. डोळ्यांवर कामाचा गॉगल होता. एकूण अवतार बघण्यासारखा असणार, पण त्या वेळी आरशात बघायची सवड कुणाला होती!

आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत होता, यंत्रांना घालायची तेलं बनवणारा. केटल म्हणजे तेल गरम करून ढवळायची उंच लोखंडी टाकी. आत दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढी खोल. तिच्या माथ्यावर एक माणूस कसाबसा उतरेल असं तोंड, त्यावर नटांनी आवळायचं झाकण, आणि त्या झाकणावर मी. वय सव्वीस, बी. एस्सी. केमिस्ट्री, कारखान्यातली एकुलती एक केमिस्ट.

तात्या मूळचे गुऱ्हाळवाले. गुळाचा हंगाम सुरू होताना त्यांचे वडील रसाच्या काहिलीत उतरायचे आणि बुडाला ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढायचे. मुहूर्ताआधी काहिलीला बाईमाणसानं शिवायचं नाही, हाही त्याच घरचा नियम. पुढं तात्यांनी गुऱ्हाळ मोडून तेलाचा धंदा टाकला, पण रिवाज तसाच उचलून आणला. खंडेनवमीला केटल धुवायची, आत पंचगंगेच्या पाण्याचा तांब्या ओतायचा, झाकण लावून हार घालायचा. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झाकण उघडून तात्यांनी स्वतः शिडीनं आत उतरायचं, स्वस्तिक काढायचं आणि मगच वर्षाचा पहिला घाणा चढवायचा.

इतकी वर्षं त्यात वावगं काही नव्हतं. इचलकरंजीच्या मागांना लागणारं साधं, पातळ तेल आम्ही बनवत होतो. त्या तेलाच्या केटलीत उतरलं तर फार तर धोतर खराब व्हायचं. पण त्या पावसाळ्यात तात्यांनी साखर कारखान्यांच्या गिअर तेलाची मोठी ऑर्डर घेतली आणि आमच्याकडं नवं अॅडिटिव्ह आलं. गिअरचे दात एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून तेलात घालायचं रसायन ते. गंधक आणि फॉस्फरसचं, काकवीसारखं दाट, आणि वास असा की ड्रम उघडला की कामगार पुढच्या-मागच्या सगळ्यांचा उद्धार करायचे. ड्रमवर स्पष्ट छापलं होतं: पाण्यापासून लांब ठेवा, जास्त तापवू नका, बूच उघडताना तोंड बाजूला ठेवा. मी आल्यापासून सगळ्यांच्या मागं लागून हातमोजे आणि गॉगल घालायला लावत होते. त्यावरून पाठीमागं मला ‘गॉगलबाई’ म्हणतात हे मला माहीत होतं. म्हणोत बापडे, डोळे तर शाबूत राहतील.

नवमीला मी रजेवर होते, कागलला आईकडं. दसरा करून त्या दिवशी सकाळी आले, ती थेट पूजेच्या गडबडीतच. प्रयोगशाळेत पिशवी ठेवली आणि केटलच्या जिन्याकडं वळले तोच वास आला. नासक्या अंड्यांचा, घशाला झोंबणारा. वर गेले तर भूपाल मगदूम झाकण उघडून कडा पुसत होता. भूपाल आमचा केटलवरचा ऑपरेटर, पैलवानी बांध्याचा आणि स्वभावानं गरीब.

“भूपाल, हा वास कसला?”

“मघा आलता बगा, झाकण काढल्या काढल्या. आता न्हाई येत. गेला.”

“मला जिन्याच्या पायाशीच आला!”

त्यानं हुंगून बघितलं. “न्हाई वो. काय सुदिक न्हाई.” तो माझ्याकडं वळला तेव्हा दिसलं, त्याचे डोळे लालबुंद झाले होते. “डोस्कं तेवढं दुखाय लागलंय सकाळधरनं.”

मला ओळख पटली: हा गंधकाचा विषारी वायू. कॉलेजात या वायूचं एक काचेचं उपकरण असायचं, आणि आमचे सर पहिल्याच तासाला बजावायचे की वास येतोय तोवर घाबरू नका, वास यायचा थांबला की घाबरा. हा वायू जास्त झाला की आधी नाक बधिर करतो. माणसाला वाटतं हवा स्वच्छ झाली, आणि तो दोन श्वासांत आडवा होतो. शिवाय हवेपेक्षा जड असल्यानं तो तळाशी साचून राहतो. भूपाल कडेला होता म्हणून डोकेदुखीवर भागलं होतं.

“नवमीला केटल कशी धुतली?”

“पाण्यानंच की. तळाला चिकटलेलं काय निघंना, तसंच ठेवलं. मग तात्यांनी तांब्या वतला आन झाकाण लावलं.”

मी केटलच्या अंगाला हात लावला. कोमट! केटल तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची तक्रार महिनाभर चालू होती. म्हणजे तळाला अॅडिटिव्हचा थर, त्यावर पाणी, खालनं ऊब आणि वर बंद झाकण, तेही नवमीपासून. वायू बनवायचा कुणी ठरवून घाट घातला असता तरी याहून चांगली तयारी झाली नसती.

“झाकण लाव. नट आवळ. आणि तू बाहेर जा, मोकळ्या वाऱ्याला बस.”

तात्यांचाच निरोप असावा अशा समजुतीनं त्यानं निमूट झाकण लावलं. तो खाली उतरतोय तोवर फाटकाशी ताशा वाजला. तात्या आले होते, नव्या धोतरात, डोक्याला लाल फेटा, हातात कुंकवाची वाटी. मागं त्यांच्या पत्नी, काकी, पूजेचं ताट घेऊन. नट आवळलेले असले म्हणून काय झालं, तात्यांनी हाक मारली की कुणीही पान्हा घेऊन धावलं असतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी झाकणावर चढून बसले.

तिथून पुढं सुरू झालं ते मघाचं.

“पोरी,” तात्या जिना चढून वर आले. आवाज अजून ताब्यात होता. “तुला रिवाज ठाव हाय न्हवं? मुहूर्ताआधी बाईमाणसानं...”

“ठाऊक आहे. उतरले की हवी ती शिक्षा द्या. पण आज तुम्ही आत जायचं नाही. आत विषारी वायू साचलाय.”

“तीस वर्सं उतरतोय मी ह्यात.”

“तीस वर्षं तुम्ही मागाच्या तेलाच्या केटलीत उतरलात. ही गिअर तेलाची आहे. त्यातलं अॅडिटिव्ह आणि पाणी एकत्र आलंय.”

“पानी कसलं? पंचगंगेचं हाय ते!”

“अॅडिटिव्हला पंचगंगा कळत नाही, तात्या.”

खाली कुणीतरी खुदकन हसलं. तात्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला.

“माझा बाप काहिलीत उतरायचा. आजा उतरायचा. कुनाला काय झालं न्हाई!”

“काहील उघडी असते. वारा तिच्यावरनं वाहतो. हिला एवढंसं तोंड आहे, आत गेलेलं बाहेर येत नाही.”

“आलं ध्येनात. शिकलेली हाईस.” आता आवाज चढला. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी पयला घाना चढला न्हाई तर वरीसभर धंद्याला सुतक. ह्या सगळ्यांची पोटं ह्यावर हाईत. तुझंबी हाय. उठ!”

“नाही.”

“उचला रे तिला!”

दोघं जण पुढं झाले, एकमेकांकडं बघून थांबले आणि पुन्हा मागं सरले. परक्या बाईला हात कोण लावणार? शिवाय मीही काही फुलासारखी बसले नव्हते. जो येईल त्याला चावायची तयारी होती, हे माझ्या तोंडावर दिसत असणार.

“उद्यापासनं कामावर यायचं न्हाई,” तात्या म्हणाले.

“उद्या तर यावंच लागेल. ही केटल उद्याही लगेच उघडायची नाही.”

हे बोलले खरी, पण नोकरी जाणं मला परवडणारं नव्हतं. वडील नव्हते. धाकट्या भावाचं शिक्षण माझ्या पगारावर चाललं होतं, आणि त्या काळात केमिस्ट बाईला कारखान्यात उभं करणारे तात्या हे एकटेच निघाले होते. बाकीच्यांनी ‘लग्न कधी करणार’ एवढंच विचारून दार दाखवलं होतं. ज्या माणसानं मला विश्वासानं कामाला ठेवलं त्याचा मी चारचौघांत पाणउतारा करत होते. वाईट वाटत होतंच. पण डोळ्यांसमोर सारखं एकच दिसत होतं: शिडीवरनं आत जाणारा लाल फेटा, आणि मग त्यांना काढायला उडी टाकणारा भूपाल, आणि त्याच्यामागं तिसरा. या कामात माणसं अशीच एकामागोमाग एक जातात.

प्रयोगशाळेत माझ्याकडं तपासणीचा कागद होता. असा वायू लागला की काळा पडणारा. पण तो आणायला मी उठले असते तर झाकण उघडलं असतं. आणि दुसऱ्या कुणी आणला असता तरी कागदाच्या तुकड्यापुढं तात्या थोडेच नमणार होते?

मग खालून काकी बोलल्या.  दरसाल त्या ताट घेऊन जिन्याच्या पायाशी उभ्या राहायच्या. वर कधीही पाऊल टाकलं नव्हतं.

“मंदाकिनी, काय हाय म्हंतीस आत?”

“वायू आहे, काकी. माणूस जागच्या जागी जातो.”

“दिसतो का?”

“नाही.”

“वास?”

“आधी येतो, मग नाकच मरतं. भूपालचं मेलंय बघा. मघापासून तो त्यातच उभा होता.”

काकींनी वळून भूपालकडं बघितलं. तो फाटकाशेजारी डोकं धरून बसला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“मग कळायचं कसं बाई?”

माझी नजर त्यांच्या ताटाकडं गेली. तेवढ्यात मला सुचलं. चांदी कशानं काळी पडते हे समजायला कॉलेजात जावं लागत नाही. देवाची भांडी घासणाऱ्या प्रत्येक बाईला ते माहीत असतं.

“तुमच्या ताटात चांदीचं काय आहे, काकी?”

त्यांनी ताटाकडं बघितलं. “करंडा हाय. कुंकवाचा.”

“तो मला द्या. आत सोडून बघते. वायू असेल तर काळा पडेल.”

 काकींच्या लग्नात त्यांच्या आईनं दिलेला करंडा होता तो, सगळ्यांना माहीत होतं. सौभाग्याचं कुंकू त्यात.

“खुळी झालीस का?” तात्या कडाडले. “कुंकवाचा करंडा त्या घाणीत घालनार? अशुभ करतीस व्हय?”

“आवो,” काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “तुमी सोता उतरनार तितं. ते शुभ, आन करंडा गेला तर अशुभ?”

 काकींनी करंडा उघडला, सगळं कुंकू डाव्या तळहातावर ओतून घेतलं आणि मूठ मिटली. रिकामा करंडा त्यांनी जिन्यावरच्या एका माणसाच्या हाती वर पाठवला.

मी सगळ्यांना फाटकाकडं जायला सांगितलं, वारा तिकडून येत होता. ताट खाली ठेवून निरांजन विझवायला लावलं, कारण हा वायू पेटतोही. त्यावरही कुणीतरी नाराजीनं पुटपुटलं. गेले मात्र सगळे. तात्या गेले नाहीत.

“मी हितनं हलनार न्हाई. माझ्या डोळ्यांदेखत बघू दे.”

“बघा. पण त्या कठड्यापाशी, वाऱ्याच्या अंगाला उभं राहा.”

हे त्यांनी ऐकलं. करंड्याबरोबर वर मागवलेल्या पाण्यानं मी तो ओला केला, म्हणजे वायू लवकर लागतो, आणि हाराचा दोरा काढून त्याला बांधला. झाकणाशेजारी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, टाकायचं मुठीएवढं तोंड असतं. श्वास रोखून, मान फिरवून मी त्याचं बूच काढलं, करंडा आत सोडला आणि भोवती फडका कोंबला. झाकणावरून मात्र हलले नाही.

मग वाट बघणं आलं. तात्या कठड्याला धरून एकटक बघत होते. खाली काकी मिटली मूठ पोटाशी धरून उभ्या होत्या. मुहूर्त आमच्यासमोरून निघून चालला होता.  आत वायू आहे याबद्दल मला शंका नव्हती. पण चांदी माझ्या सोयीनं काळी पडेल याची हमी कोण देणार? कदाचित वेळ लागेल. कदाचित जुन्या चांदीवर लाखेचा थर असेल. तसं झालं तर?

पुन्हा श्वास रोखून मी फडका काढला आणि दोरा ओढला.

करंडा वर आला तो तव्याच्या बुडासारखा काळा होऊन.

मी तोंडात बूच परत घट्ट बसवलं आणि मगच श्वास घेतला. तात्या पुढं आले. त्यांनी करंडा माझ्या हातातून घेतला, बोटानं घासला, मग धोतराच्या सोग्यानं घासला. काळं जात नव्हतं. कितीतरी वेळ ते घासत राहिले. नंतर त्यांनी झाकणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही, आणि एकेक पायरी उतरून काकींपाशी गेले. करंडा त्यांच्या हातात ठेवला.

“आता जानार आत?” काकींनी विचारलं.

“न्हाई.” मग माणसांकडं वळून ते ओरडले, “आन दुसरा कोनबी जानार न्हाई! बाई काय सांगत्यात ते ऐका. कोन हलला जाग्यावरनं तर तंगडी मोडीन!”

जिना चढताना काकींच्या ताटात ठेवलेली कुंकवाची वाटी त्यांनी उचलली. ते केटलच्या बाहेरच्या अंगाला गेले आणि तिच्या पोटावर, हात पोचेल तिथं, ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं. एक रेघ वाकडी गेली. ती त्यांनी पुसून नीट केली नाही.

मी मग झाकणावरून उतरले. पाय इतके बधिर झाले होते की जिन्यावर बसून बसून खाली यावं लागलं. त्या दिवशी कारखाना रिकामा केला. शेजारच्या कारखान्यातून मोठा पंखा आणून, उंच नळ लावून हवा बाहेर काढत राहिलो. दुसऱ्या दिवशी माझा कागद पांढरा राहायला लागला तेव्हा कुठं बाहेरूनच पंपानं तळातलं पाणी उपसलं. आत कुणी उतरलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही कधी नाही. भूपालला डॉक्टरकडं पाठवलं. त्याचे डोळे आठवड्यात निवळले, आणि तेव्हापासून गॉगल घालायला त्याला सांगावं लागलं नाही. उलट तोच दुसऱ्यांच्या पाठीवर गुद्दा घालून गॉगल घालायला लावायचा. पहिला घाणा उशिरा चढला आणि धंद्याला काही सुतक-बितक लागलं नाही. तात्यांनी मला शाबासकी दिली नाही, कामावरून काढलंही नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, “उद्या येळेवर ये.”

पण त्यांनी ते म्हणण्याआधी एक गोष्ट घडली, ती सांगायची राहिली. आज इतकी वर्षं झाली, तात्याही म्हातारपणी आपल्या अंथरुणावर शांतपणे गेले, तरी त्या दिवसातलं सगळ्यात आधी मला तेच आठवतं.

काकी मागच्या नळावर हात धूत होत्या. मूठ इतका वेळ आवळलेली होती की कुंकू घामानं तळव्यावर चिकटून बसलं होतं. मी तिथं तोंड धुवायला गेले.

“काकी, करंडा खराब झाला. चिंचेनं घासला की निघेल.”

“निघंल की. न्हाई निघाला तर ऱ्हाऊ दे.” त्या हात चोळत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “येक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा ना.”

“करंडा पांढराच निघाला असता तर उठली असतीस?”

सगळ्यांसमोर मी शब्द दिल्यासारखंच झालं होतं. काळा पडला तर मी खरी, पांढरा राहिला तर तात्या खरे, असाच प्रत्येकाचा समज होता. मीही तो होऊ दिला होता. पण काकींशी खोटं बोलवेना.

“नाही, काकी. चांदी पांढरी राहिली म्हणून आत वायू नाही असं होत नाही. मी उठलेच नसते.”

काकींनी नळ बंद केला आणि पदराला हात पुसले.

“वाटलंच मला,” त्या म्हणाल्या. “मग मलाबी वर येऊन तुझ्याशेजारी बसावं लागलं असतं. दोघी मावलो असतो न्हवं झाकणावर?”